लिम्फोसील : सुईने पाणी काढलं, आठ दिवसांत परत भरलं. कुणाला अनुभव?

अर्धा_कप
गुरुवार, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. एरवी मी पाककृती विभागात पडीक असते, आरोग्य विभागात पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

धाकट्या भावाचं (वय ३८) किडनी ट्रान्सप्लांट होऊन आज नऊ आठवडे झाले. किडनी आईने दिली, आई ६१ वर्षांची. दोघांचंही छान पार पडलं. नवव्या दिवशी भाऊ घरी आला, चौथ्या आठवड्यात आतला स्टेंट (मूत्रनळीत ठेवलेली तात्पुरती नळी) निघाला, क्रिएटिनिन (रक्तातली ही पातळी वाढली की किडनी नीट चालत नाही) १.२ वर स्थिरावलं. आम्ही हुश्श केलं. सहाव्या आठवड्यात त्याचा उजवा पाय जड वाटायला लागला. बसून बसून झालं असेल म्हणून सोडून दिलं. मग एका संध्याकाळी मोजा काढला तर इलॅस्टिकचा खोल वळ, आणि डाव्या पायावर काहीच नाही. लघवीला दर तासाला जायला लागला. रक्त तपासलं, क्रिएटिनिन १.९.

त्या रात्री घरात कुणी जेवलं नाही. सगळ्यांच्या मनात एकच शब्द होता, रिजेक्शन, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारणं. सोनोग्राफीत निघालं भलतंच. नवीन किडनी आणि मूत्राशय यांच्या मधोमध पाण्याची पिशवी, ९ बाय ७ बाय ६ सेंमी. तिने मूत्रनळी दाबली म्हणून किडनी फुगलेली, आणि पायाकडून येणारी शीर दाबली म्हणून पाय सुजलेला. डॉक्टर म्हणाले, लिम्फोसील. सोनोग्राफीत बघत बघत सुईने १८० मिली पाणी काढलं. पाय दोन दिवसांत उतरला, क्रिएटिनिन १.३. आणि आठव्या दिवशी पिशवी पुन्हा तेवढीच!

आता सर्जन दोन रस्ते सांगतात. एक, नळी घालून ठेवायची आणि त्यातून औषध सोडून पिशवी आतून चिकटवायची. दुसरा, दुर्बिणीतून ऑपरेशन करून पिशवीला पोटाच्या बाजूने खिडकी पाडायची. भाऊ 'ऑपरेशन' शब्द ऐकला की भिंतीकडे तोंड करून झोपतो.

आणि आई. आईने परस्पर ठरवून टाकलंय की खोट तिच्या किडनीत आहे. काल भांडी विसळताना म्हणाली, "जुनी वस्तू दिली गं. गळणारच."

कुणी यातून गेलंय का? आणि मुळात हे पाणी येतं कुठून?

सुपारी_कात्री
गुरुवार, रात्री ११:३१

अनुभव नाही, पण आईचं वाक्य वाचून पोटात तुटलं. भावाला लवकर आराम पडो.

निळी_छत्री
गुरुवार, रात्री ११:५८

ताई, माझं किडनीचं नाही, पण पाणी साचण्यात मी पीएचडी केली आहे. २०१९ साली स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठीही काढल्या. काखेतून एक नळी बाहेर आणि तिला तो दाबून ठेवायचा अकॉर्डियनसारखा डबा. रोज सकाळी सात वाजता डबा रिकामा करायचा, मिली लिहून ठेवायचे, डबा पूर्ण चपटा दाबून झाकण लावायचं. माझ्या जावेने जुन्या इरकली साडीच्या काठाची खांद्याला अडकवायची पिशवी शिवून दिली होती. तो डबा पिशवीत घालून मी लक्ष्मी रोडला खरेदीसुद्धा केली. दुकानदाराला वाटलं पर्स आहे.

आम्हाला सांगितलं होतं की २४ तासांत ३० मिलीच्या खाली आलं, तेही दोन दिवस लागोपाठ, की नळी काढू. माझ्या वेळी त्यांनी ५० ला काढली, खाटा हव्या होत्या म्हणून (हॉस्पिटलचं नाव सांगणार नाही, विचारू नका). चौथ्या दिवशी काखेत लिंबाएवढं, मग मोसंबीएवढं. चालताना आतून डुबुक डुबुक आवाज यायचा, खरंच सांगते. ओपीडीत तीनदा सुईने काढलं, १२०, मग ८०, मग ४०. चौथ्यांदा जावं लागलं नाही. सुई दुखलीही नाही, कारण ऑपरेशननंतर तिथली कातडी बधिर असते. म्हणजे नुसत्या सुईनेही काम होतं कधी कधी. धीर धरा.

डॉ_आडगाव
शुक्रवार, सकाळी ६:१५

मी तालुक्याच्या गावी जनरल सर्जन आहे, ट्रान्सप्लांट करत नाही. त्यामुळे इथलं काहीही तुमच्या सर्जनच्या सल्ल्याच्या वर धरू नका. पण पाणी कुठून येतं ते सांगू शकतो.

रक्त केशवाहिन्यांतून फिरताना थोडं पाणी आणि प्रथिनं बाहेर पाझरतात. ती गोळा करून परत रक्तात नेऊन सोडणारी वेगळी नळ्यांची व्यवस्था आहे, ती म्हणजे लसिकावाहिन्या. त्यांतलं पाणी म्हणजे लसिका, इंग्रजीत लिम्फ, म्हणून लिम्फोसील. काही नळ्या दोऱ्यापेक्षा बारीक आणि जवळजवळ रंगहीन. ऑपरेशनच्या टेबलावर त्या दिसत नाहीत म्हटलं तरी चालेल. रक्तवाहिनी कापली तर रक्त उडतं, आपण पकडतो, बांधतो. लसिकावाहिनी कापली तर काहीच उडत नाही. गुपचूप पाझरत राहते. त्यात प्लेटलेट्स नसतात, गोठवणारी द्रव्यंही रक्तापेक्षा कमी, त्यामुळे ती स्वतःहून लवकर बंद होत नाही. जागा मोकळी असेल तर तिथे तळं होतं. त्याभोवती शरीर हळूहळू भिंत बांधतं, पण या पिशवीला आतून अस्तर नसतं.

आईंसाठी मुद्दाम लिहितो. भावाच्या पोटात नवी किडनी बसवताना कमरेच्या मोठ्या धमनी-शिरेभोवतीची जागा सोलून मोकळी करावी लागते, आणि लसिकावाहिन्यांचं जाळं त्या धमनीच्याच अंगावर असतं. ते तुटतं. दात्याच्या किडनीच्या देठाशीही अशा वाहिन्या कापलेल्या असतात, त्याही पाझरू शकतात. पण ते वयामुळे नाही, विशीतल्या दात्याची किडनी असती तरी वाहिन्या कापाव्याच लागल्या असत्या. खोट किडनीत असती तर पिशवी रिकामी केल्याबरोबर क्रिएटिनिन १.९ चं १.३ झालं नसतं. किडनी उत्तम चालली आहे, तिची वाट दाबली गेली आहे एवढंच.

@निळी_छत्री, तुमचं ते सेरोमा, म्हणजे ऑपरेशनच्या जागी साचलेलं पाणी. भावंडं आहेत ही. काखेत कातडीखालची जागा असते, वरून दाब देता येतो, कालांतराने थर एकमेकांना चिकटतात. ट्रान्सप्लांटची पिशवी खोल, तिथे दाब द्यायचा कसा? म्हणून नुसत्या सुईनंतर ती अर्ध्याहून अधिक वेळा परत भरते. शिवाय प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असलेल्या माणसाला वारंवार टोचणं म्हणजे जंतूंना आमंत्रण.

एक प्रश्न विचारतो. काढलेल्या पाण्यात क्रिएटिनिन तपासलं होतं का?

अर्धा_कप
शुक्रवार, सकाळी ९:०५

डॉक्टर, मनापासून आभार. तुमचा तिसरा परिच्छेद आईला वाचून दाखवला. काही बोलली नाही, पण "परत वाच" म्हणाली.

हो, रिपोर्ट समोरच आहे. पाण्यातलं क्रिएटिनिन १.८, त्याच दिवशी रक्तातलं १.९. पेशींमध्ये लिम्फोसाइट (लसिकेत असणाऱ्या पांढऱ्या पेशी) ९० टक्के. जंतू वाढले नाहीत. रंग फिकट पिवळा, म्हणजे केशराच्या दोन काड्या घातलेलं पाणी. (पाककृतीवाली आहे, उपमा तिकडूनच येणार.)

डॉ_आडगाव
शुक्रवार, सकाळी ९:४०

उत्तम. हे सगळ्यांनी वाचावं म्हणून जरा फोड करून लिहितो. ट्रान्सप्लांटनंतर किडनीशेजारी पाणी दिसलं तर ते चारांपैकी काहीही असू शकतं: लसिका, गळणारी लघवी, रक्त किंवा पू. सोनोग्राफीवर लसिका आणि लघवी सारखीच दिसतात, काळा गोळा. लघवी असेल तर तिच्यात क्रिएटिनिन आणि पोटॅशियम रक्ताच्या कितीतरी पट निघतं. लसिका असेल तर जवळजवळ रक्ताइतकंच. १.८ विरुद्ध १.९, विषय संपला. लघवी निघाली असती तर उपाय पूर्ण वेगळा, मूत्रनळीचा सांधा बघावा लागला असता.

पाय सुजला होता म्हणजे डॉपलरही (शिरेतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी) केलंच असेल. नुसत्या दाबाने सूज आहे की शिरेत गुठळी झाली आहे, हे बघितल्याशिवाय पुढे जायचं नाही.

अर्धा_कप
शुक्रवार, सकाळी ९:४६

केलंय. गुठळी नाही.

गणिताचा_तास
शुक्रवार, सकाळी १०:२२

९ × ७ × ६ × ०.५२ (अंडाकृती पिशवीसाठीचा गुणक) = १९६.५६ मिली. काढलं १८०. सोनोग्राफीवाल्याचा हात चांगला आहे.

माझा अनुभव छोटा. दुर्बिणीतून हर्नियाचं ऑपरेशन, जाळी बसवली. दहाव्या दिवशी जांघेत त्याच जागी, त्याच आकाराचा फुगा. बायकोला म्हटलं, पन्नास हजार पाण्यात. सर्जनने खोकायला लावलं, झोपवून दाबून बघितलं. हर्निया असता तर खोकताना ठोका लागला असता आणि झोपल्यावर आत गेला असता. याने तसं काहीच केलं नाही, म्हणजे सेरोमा. मी सुईची मागणी केली तर म्हणाले, जाळीजवळ सुई घालून जंतू कशाला सोडू? सात आठवड्यांत आपोआप जिरला. पन्नास हजार शब्दशः पाण्यात गेले आणि परतही आले.

हिरवा_काढा
शुक्रवार, दुपारी १२:१०

ऑपरेशनची घाई करू नका. पुनर्नवा आणि गोखरूचा काढा महिनाभर, सूज हमखास उतरते. माझ्या साडूंची उतरली.

डॉ_आडगाव
शुक्रवार, दुपारी १२:३४

साडूंचं ट्रान्सप्लांट झालं होतं का?

हिरवा_काढा
शुक्रवार, दुपारी १२:४१

नाही, पाय मुरगळला होता. पण सूज ती सूज.

निळी_छत्री
शुक्रवार, दुपारी १२:५०

सूज ती सूज नसते हो. इथे गेले दहा प्रतिसाद तेच चाललंय. :)

डॉ_आडगाव
शुक्रवार, दुपारी १:१५

मी आयुर्वेदाच्या विरोधात नाही. पण हा माणूस टॅक्रोलिमसवर, म्हणजे शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात त्या औषधावर असणार. त्या औषधाची रक्तातली पातळी इतक्या थोड्याशा गोष्टींनी वरखाली होते की ट्रान्सप्लांटच्या रुग्णाला ग्रेपफ्रूट आणि आपलं पपनससुद्धा वर्ज्य सांगतात. कुठलाही काढा, चूर्ण, आसव ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना न विचारता द्यायचं नाही. आणि बंद पिशवीतलं पाणी लघवी जास्त झाल्याने उतरत नाही. विहिरीला गळती आहे म्हणून शेजारच्या ओढ्याला पाट काढून काय होणार?

बंबातली_लाकडं
शुक्रवार, रात्री ८:०५

आमच्या अण्णांची गोष्ट सांगतो, विषय जवळचाच आहे.

अण्णा पस्तीस वर्षं गावच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी. तंबाखू त्याहून जास्त वर्षं. गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, डाव्या मानेतल्या गाठी काढल्या. नाकातून नळी, मानेतून ड्रेन. पहिल्या दिवशी ड्रेनमध्ये लालसर पाणी, दुसऱ्या दिवशी नाकातल्या नळीतून खाणं सुरू केलं आणि संध्याकाळी ड्रेनचा डबा पांढरा. दुधासारखा पांढरा! मी घाबरून सिस्टरला बोलावलं, म्हटलं नळी चुकीच्या जागी गेली, अन्नच मानेतून बाहेर येतंय. सिस्टर केरळच्या. त्यांनी डबा उजेडात धरला, हलवला, आणि एक शब्द म्हणाल्या, "काइल."

डॉक्टरांनी वहीच्या पानावर चित्र काढून सांगितलं. आतड्यातून शोषलेलं तेल-तूप रक्तात थेट जात नाही, लसिकावाहिन्यांतून वर चढतं आणि डाव्या मानेच्या तळाशी मोठ्या शिरेत पडतं. ती मुख्य वाहिनी ऑपरेशनमध्ये दुखावली की जेवणातली चरबी मानेतून बाहेर. ही चरबी मिसळलेली पांढरी लसिका म्हणजे काइल. पाणी लॅबला पाठवलं, ट्रायग्लिसराइड, म्हणजे त्यातली चरबी बघायला. ११० च्या वर असेल तर काइल पक्कं म्हणे, आमचं चारशेच्या पुढे.

आता गंमत ऐका. अण्णांना बोलता येत नव्हतं, पाटी होती. मी सगळं समजावलं. त्यांनी पाटीवर लिहिलं, "फॅट किती लागली?"

पस्तीस वर्षं रोज सकाळ-संध्याकाळ तेच विचारलं होतं ना. आणि नीट विचार केला तर लॅबने दुसरं काय तपासलं होतं?

उपाय म्हणजे खाण्यातली चरबी बंद. नळीतून बिनचरबीचं खाणं आणि एमसीटी तेल (लसिकेच्या वाटेने न जाणारं खास तेल), मानेवर दाबाची पट्टी, डोकं वर करून झोपणं, गळती कमी करणारी ऑक्ट्रिओटाइडची इंजेक्शनं. ६०० मिलीवरून रोज उतरत उतरत नवव्या दिवशी ड्रेन कोरडा. रोज लिटरच्या वर गेलं असतं तर मान परत उघडून वाहिनी बांधावी लागली असती, असं म्हणाले होते.

खाडीकाठ
शुक्रवार, रात्री ९:३०

अण्णांना दंडवत!

एमसीटी तेल म्हणजे आपलं खोबरेलच की. डबा हजारोंचा घेण्यापेक्षा घाण्यावरचं खोबरेल का नाही द्यायचं? आमच्याकडे तर आमटीतही तेच.

डॉ_आडगाव
शुक्रवार, रात्री १०:१०

नाही, ही चूक फार जण करतात. औषधी एमसीटीत मुख्यतः आठ आणि दहा कार्बनची आम्लं असतात. ती यकृताकडे जाणाऱ्या शिरेतून परस्पर जातात, लसिकेच्या वाटेला जातच नाहीत, म्हणून गळतीला विश्रांती मिळते. खोबरेलात जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल, बारा कार्बनचं. ते बऱ्याच प्रमाणात लसिकेच्याच वाटेने जातं. वर आणखी लांबडी आम्लं आहेतच. म्हणजे गळक्या पाइपात थोडं कमी पाणी सोडल्यासारखं. आमटीत बिनधास्त घाला, काइलच्या रुग्णाला नको.

आणि @अर्धा_कप, घोळ नको म्हणून सांगतो: भावाची गळती कमरेखालच्या वाहिन्यांची आहे. तिथे आतड्यातली चरबी येत नाही, म्हणून पाणी पिवळसर पारदर्शक. त्याला बिनचरबीच्या जेवणाची शिक्षा देऊ नका.

अर्धा_कप
शुक्रवार, रात्री १०:२२

अय्या, मी आज भावाच्या वरणावरचं तूप बंद केलं होतं. :( लगेच सुरू करते. (त्याच्या आहारतज्ज्ञांनी सांगितलंय तेवढंच, चमचाभर.)

पोथी_पंडित
शनिवार, सकाळी ७:५०

अवांतर आहे, पण अण्णांवरून राहवत नाही.

या वाहिन्या सापडल्या त्याही दुधामुळेच. १६२२ चा जुलै महिना, इटलीतलं मिलान. गास्पारे असेली हा शल्यविशारद काही मित्रांना कुत्र्याच्या मज्जातंतूंचं प्रात्यक्षिक दाखवत होता. पोट उघडल्यावर आतड्याच्या पडद्यावर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं दिसलं. त्याला वाटलं, मज्जातंतू. एक कापला, तर दुधासारखा थेंब बाहेर! दुसऱ्या दिवशी दुसरा कुत्रा उघडला, पांढरं काहीच नाही. मग डोक्यात प्रकाश पडला: पहिल्या कुत्र्याने नुकतंच पोटभर खाल्लं होतं, दुसरा उपाशी होता. असेली १६२५ मध्ये गेला, पुस्तक १६२७ मध्ये निघालं. पुढे १६५१ मध्ये पेके या फ्रेंचाने ती मुख्य नळी, अण्णांची दुखावलेली, नीट दाखवली. त्यानंतर डेन्मार्कचा बार्तोलिन आणि स्वीडनचा रुडबेक हे 'आधी मी, आधी मी' म्हणून भांडले.

अण्णांचा डबा खाणं सुरू केल्यावरच पांढरा झाला, हा तोच प्रयोग. कुत्र्याच्या जागी सेक्रेटरी.

बंबातली_लाकडं
शनिवार, सकाळी ८:१२

अण्णांना वाचून दाखवलं. म्हणाले, "कुत्र्याच्या जागी" हे शब्द सभेच्या इतिवृत्तातून वगळावेत.

वऱ्हाडी_मिरची
शनिवार, दुपारी २:४०

तुमचं हे लसिका-लसिका वाचून आमच्याकडचं आठवलं. मी भंडाऱ्याची. आमच्या आजीचा पाय हत्तीपायाचा होता. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया, या पट्ट्यात हे दुखणं घरोघरी ठाऊक. डासाने किडा सोडला की तो या लसिकावाहिन्यांतच जाऊन राहते आणि वाहिन्या निकामी करते. लहानपणी आरोग्य खात्याचे लोक रक्त घ्यायला रात्री यायचे, कारण किड्याची पिल्लं रक्तात रात्रीच फिरतात. अर्ध्या झोपेत बोट पुढे करायचं. आम्हाले वाटे भूतच आलं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत यावर कित्येक वर्षं संशोधन झालं आहे.

आणि त्याच रोगात काही जणांची लघवी दुधासारखी होते. तेही काइलच, वाट चुकलेलं. ऑपरेशनबिपरेशन काही न होता.

तर अर्धा_कप ताई, भावाचा पाय सुजला तो शिरेवरच्या दाबाने. दाब गेला की सूज जाते. आजीची गेली नाही, कारण नळ्याच संपल्या होत्या. दोन्हीत फार फरक आहे बाप्पा, घाबरू नका.

लीड्सवाली
शनिवार, रात्री ११:५५

मी इंग्लंडमध्ये रेडिओलॉजी विभागात नर्स आहे. आमच्याकडे गळती हटेनाशी झाली की लिम्फँजिओग्राफी करतात. जांघेतल्या लसिकाग्रंथीत सोनोग्राफीत बघत बारीक सुई घालून तेलकट औषध अगदी सावकाश सोडायचं. ते वाहिन्यांतून वर चढतं, एक्स-रेवर पांढरी रेघ दिसते आणि जिथे गळतं तिथे थेंब जमतात. काही वेळा नुसत्या त्या तेलानेच गळती बुजते, तपासायला गेलं आणि बरं होऊन आलं. नाहीतर त्याच वाटेने वैद्यकीय गोंद सोडून बंद करतात.

मजेशीर भाग असा की ते तेल, लिपिओडॉल, म्हणजे आयोडीन मिसळलेलं खसखशीचं तेल. १९०१ सालापासून आहे. मी पहिल्यांदा लेबल वाचलं तेव्हा ड्यूटीवर एकटीच हसत होते, कारण आदल्या दिवशीच अनारशाला खसखस मिळेना म्हणून तीन दुकानं पालथी घातली होती.

खाडीकाठ
रविवार, सकाळी ८:३०

अनारसे खसखशीवर थापताना फाटतात. काय करू?

अर्धा_कप
रविवार, सकाळी ८:३३

पीठ कोरडं झालंय. केळ्याचा छोटा तुकडा मळून घाला आणि तासभर ठेवा. तळताना खसखशीची बाजू वर, उलटायचा नाही, झाऱ्याने वरून तूप उडवायचं.

सुपारी_कात्री
रविवार, सकाळी ८:४०

धागाकर्तीनेच धागा पळवण्याचा हा पहिला प्रसंग असावा.

संपादक_३
रविवार, सकाळी ९:००

अनारशांसाठी पाककृती विभागात सोय आहे. कृपया विषयाला धरून लिहावे. (खसखशीची बाजू वर, याला व्यक्तिशः अनुमोदन.)

निळी_छत्री
रविवार, सकाळी १०:१५

मूळ प्रश्न राहिलाच की. नळी की खिडकी? डॉक, तुमचं मत काय?

डॉ_आडगाव
रविवार, दुपारी ४:२०

मत देतो, निर्णय त्यांच्या टीमचा.

नळी घालून औषध सोडण्यात पूर्ण भूल लागत नाही, हा फायदा. पण नळी काही दिवस, कधी कधी काही आठवडे राहते, औषध अनेकदा सोडावं लागतं, आणि बाहेर आलेली नळी म्हणजे जंतूंना दार. आयोडीनचं औषध शोषलं जाऊन नव्या किडनीला त्रास झाल्याचीही नोंद आहे, म्हणून ते जपून वापरतात. पिशवीत पू झाला असता तर मात्र मी नळीच म्हटलं असतं. पू पोटात मोकळा सोडत नाहीत.

खिडकीची कल्पना साधी आहे. पोटाचं आतलं अस्तर पाणी शोषून घेण्यात पटाईत. पिशवीची पोटाकडची भिंत कापून मोठं भोक ठेवलं की लसिका पोटात सांडते आणि अस्तर ती पिऊन टाकतं. गळती थांबवायचीच नाही, तिला वाट करून द्यायची. भोक लहान ठेवलं तर बुजतं, म्हणून ऐसपैस ठेवतात. धोका म्हणजे पिशवीच्या भिंतीत मूत्रनळी दडलेली असू शकते, ती कापली जाऊ नये म्हणून सोनोग्राफी किंवा सीटी बघून जागा ठरवतात. पिशवी स्वच्छ, मोठी, परत भरणारी आणि त्रास देणारी असेल तर बहुतेक ठिकाणी दुर्बिणीतून खिडकीकडेच कल असतो.

भावाला हे जरूर सांगा: ट्रान्सप्लांटसारखा मोठा छेद नाही, तीन छोटी छिद्रं. आणि डॉक्टरांना विचारा की सिरोलिमस किंवा एव्हरोलिमस (हीही प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं) चालू आहे का. त्यांनी जखम भरायला उशीर होतो. स्वतःहून एकही गोळी बंद करायची नाही.

अर्धा_कप
पुढचा शनिवार, रात्री १०:४८

उशिरा लिहितेय, माफ करा. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलेल्या सगळ्यांचे आभार.

सिरोलिमस नव्हतं. सोमवारी भावाला हा धागा वाचायला दिला. तो अण्णांच्या पाटीपर्यंत आला आणि ट्रान्सप्लांटनंतर पहिल्यांदा मोठ्याने हसला, टाके दुखेपर्यंत. मग स्वतःच म्हणाला, "खिडकी करून टाकू. नळी घेऊन कुठे फिरू?" (निळी_छत्री, इरकलीची पिशवी त्याला शोभली नसती.)

बुधवारी झालं. सव्वा तास. शुक्रवारी घरी आला. आजचं क्रिएटिनिन १.२, दोन्ही पायांचे मोजे सारखेच सैल. सोनोग्राफीत चिमूटभर पाणी दिसतंय. ते आता महिन्याने बघू म्हणाले.

सर्जनने ऑपरेशनचा व्हिडिओ दाखवला. आईला मी बाहेर थांब म्हणत होते, ती ऐकेना, खुर्ची ओढून पुढे बसली. निळसर फुगलेली भिंत, कात्री, भळकन पिवळं पाणी, आणि ते ओढून घेतल्यावर आत एक गुळगुळीत, लालसर गुलाबी गोलाई. सर्जन म्हणाले, "ही बघा तुमची किडनी." आई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "माझी आहे होय? चांगली तजेलदार आहे की."

आता तो व्हिडिओ तिच्या फोनमध्ये आहे आणि दूधवाल्यापासून भिशीच्या बायकांपर्यंत सगळ्यांना सक्तीने दाखवला जातोय. भाऊ वैतागलाय.

बंबातली_लाकडं
रविवार, सकाळी ७:३०

अभिनंदन! अण्णा विचारतात, फॅट किती लागली?

अर्धा_कप
रविवार, सकाळी ७:५२

अण्णांना नमस्कार सांगा. शून्याच्या आसपास. हे गाईचंही नाही आणि म्हशीचंही नाही.